फोन भरलाय रे, जरा बघ ना!

दर रविवारी आत्याचा फोन. "अरे, परत जागा नाही म्हणतोय. मी तर सगळे फोटो पुसले!" पुसले म्हणजे काय, तर कचरापेटीत टाकले. गूगल फोटोजमध्ये बॅकअप घेतलेला फोटो पुसला तरी ६० दिवस पेटीत पडून असतो. ती रिकामी कोण करणार? आणि पुसले कुठले, तर नातवाच्या बारशाचे! सुप्रभातचे गुलाब आणि '११ जणांना पाठवा'वाले व्हिडिओ मात्र जागच्या जागी.

किती वेळा सांगायचं? व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा', त्यात 'मॅनेज स्टोरेज'. ५ एमबीपेक्षा मोठ्या फायली तिथे वेगळ्या काढूनच ठेवलेल्या असतात. आधी त्या उडव. आणि ते आपोआप डाउनलोड होणं बंद कर गं बाई! कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजला चिकटवून आलोय.

कागद आहे अजून. तिने त्याचा फोटो काढलाय. चार वेळा, कारण पहिले तीन हलले.

परवा शेजारच्या कुणीतरी तिला 'फोन साफ करणारं' ॲप टाकून दिलं. आता जाहिराती दाखवून झाल्या की तेच सांगतं, जागा कमी आहे.