आधी पोराशी कुणीतरी नीट बोला

व्यसनी मुलाला थेट व्यसनमुक्ती केंद्रात टाकण्याआधी त्याची मानसिक तपासणी करा, असं एका लेखात वाचलं आणि ते अगदी पटलं. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, ताई विड्या वळते. १६ वर्षांचा भाचा पंक्चरचं सोल्युशन हुंगायचा; खिशात कायम चिकट रुमाल. ताईने मारून पाहिलं, नवसही बोलली. शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. आम्हाला बाहेर बसवून डॉक्टर तासभर त्याच्याशी एकट्याशीच बोलले. झोप, शाळा, मित्र, जिवाचं बरंवाईट करायचे विचार, सगळं विचारलं. तेव्हा कळलं, दाजी गेल्यापासून पोराला नैराश्य होतं, नशा नंतरची. आणि आम्ही त्याला वाया गेलेला म्हणत होतो! दवाखान्यात जायची लाज वाटत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.