वॉशिंग्टन म्हणजे धोबीवाडी नव्हे

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. त्यातला ऐवज असा : 'वॉशिंग्टन' म्हणजे कपडे धुणाऱ्यांचं गाव, जॉर्ज वॉशिंग्टनचे पूर्वज तिथले धोबी आणि आज अमेरिकेत हे आडनाव लावणारे सगळे त्याचेच वंशज.

आधी धुणं उरकू. 'वॉश' दिसलं की बादली आठवते खरी, पण जुन्या नोंदींत तिथे 'श' नाहीच, 'स' आहे : वेसिंग्टन. आता फोड करा. ह्वासा हे माणसाचं नाव. 'इंग' म्हणजे त्याचं, त्याच्या माणसांचं. 'टन' म्हणजे जुन्या इंग्रजीतलं 'टून' : आधी नुसतं कुंपण, मग कुंपणातलं शेतघर, आजचा 'टाउन' त्यातूनच आला. थोडक्यात, ह्वासाची वाडी. नॉटिंगहॅमही असंच, स्नॉट नावाच्या गड्याचं. (स्नॉट म्हणजे आज शेंबूड. पुढे 'स' गळाला आणि शहराची अब्रू वाचली.) धुण्यावरून आलेलं इंग्रजी आडनावच हवं असेल तर 'लॅव्हेंडर' घ्या. ते परटासाठीच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आलंय.

पूर्वज धोबी? धोबी असते तरी काही बिघडलं नसतं, पण नव्हते. 12व्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम डी हर्टबर्न नावाच्या जमीनदाराला उत्तर इंग्लंडात, डरहॅमच्या बिशपच्या मुलखात, वेसिंग्टनची जहागीर मिळाली आणि तो 'डी वेसिंग्टन', म्हणजे वेसिंग्टनचा, झाला. आपल्याकडे गाव सुटलं की 'कर' चिकटतो. या गृहस्थाने जुनं गाव टाकून नवं नावापुढे लावलं. त्याच घराण्यातल्या लॉरेन्सने 1539 मध्ये सल्ग्रेव्हची जमीन विकत घेतली. तो लोकरीचा व्यापारी आणि नॉर्थॅम्प्टनचा महापौर. जॉर्जचे पणजोबा जॉन यांनी पुढच्या शतकात व्हर्जिनिया गाठलं.

राहिले वंशज. जॉर्जला स्वतःचं मूलबाळच नव्हतं! शिवाय 2000 च्या जनगणनेत हे आडनाव लावणाऱ्या अमेरिकनांपैकी सुमारे 90 टक्के कृष्णवर्णीय होते. ते सगळे त्याच्या मळ्यावरच्या गुलामांचे वारस, असंही समजू नका. 1865 मध्ये गुलामी संपल्यावर कागदोपत्री आडनाव लागू लागलं आणि अनेकांनी ते स्वतः निवडलं. गुलामीत जन्मलेला आणि पुढे शिक्षणतज्ज्ञ म्हणून गाजलेला बुकर टी. वॉशिंग्टन शाळेत गेला तेव्हा हजेरीत बाकीच्या पोरांना दोन-दोन नावं, याला फक्त 'बुकर'. पाळी आली तेव्हा त्याने शांतपणे 'बुकर वॉशिंग्टन' असं सांगून टाकलं. वॉशिंग्टन हे त्याच्या सावत्र वडिलांचं नाव होतं. आडनाव नव्हे, नाव.