झाकणावर काय लिहिलंय ते वाचा ना जरा!

चतुर्थी जवळ आली की म्हापसा घ्या, फोंडा घ्या, डिचोली घ्या, गॅरेजबाहेर गाड्यांची रांग आणि आत तेच नाटक. बॉनेट वर करायचं, ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण काढायचं, फळीवर पडलेल्या अर्धवट डब्यातलं थोडं ओतायचं, झाकण लावायचं आणि बिलावर लिहायचं 'ब्रेक ऑइल चेंज'. काय चेंज केलंत हो? चाकाशी ब्रेक आवळणाऱ्या कॅलिपरमध्ये, पाइपांमध्ये, चाक लॉक होऊ न देणाऱ्या एबीएसच्या युनिटमध्ये ते काळं पडलेलं जुनं ऑइल जिथल्या तिथं आहे. त्याच्या डोक्यावर चार चमचे नवं टाकलं, एवढंच.

आणि तो फळीवरचा डबा! झाकण अर्धवट बसवलेलं, वर धूळ, कधी फोडला देवाला ठाऊक. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. गोव्यात जून ते सप्टेंबर भिंतींना बुरशी येते, आणि तिथं हा डबा उघडा! फोडलेला डबा घट्ट बंद करून लवकर संपवायचा, नाहीतर टाकून द्यायचा. म्हणून छोटी बाटली घ्यावी, सीलबंद, आणि ती आपल्यासमोर फोडायला लावावी. गॅरेजवाल्याचं तोंड वाकडं झालं तर होऊ दे.

पाण्याने बिघडतं काय, तेही ऐका. ब्रेक ऑइलचे प्रकार डॉट ३, डॉट ४ अशा आकड्यांनी ओळखतात. ताजं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३० पर्यंत. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की मानकाप्रमाणे हाच आकडा १४० आणि १५५ वर येतो. आता बेळगावहून खरेदी करून, माणसं-सामान भरून चोर्ला घाट उतरा, तेही खालचा गिअर न टाकता नुसत्या ब्रेकवर. कॅलिपर तापतो, पाण्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट खाली. केरीला पोचून गाडी थंड झाली की पेडल पुन्हा ठीक! मग मिस्त्री म्हणणार, "काही नाही हो, तुमचा भास." भास कसला?

दर दोन वर्षांनी सगळं बदलायचं, कंपनीच्या पुस्तकात त्याआधीचं लिहिलं असेल तर त्याआधी. कुठलं घालायचं ते डबीच्या झाकणावर छापलेलं असतं. डॉट ३ च्या गाडीत डॉट ४ चालतं, उलटं करू नका. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, ते यात मिसळत नाही, ५.१ वेगळं, ते चालतं. नुसता ५ चा आकडा बघून डबा उचलणाऱ्यांना दंडवत.

लेव्हल खाली गेली की लगेच भरणं हा आणखी एक मूर्खपणा. चाकाची डिस्क दाबणारे ब्रेक पॅड झिजले की त्यांना ढकलणारा कॅलिपरमधला पिस्टन बाहेर येतो आणि तेवढं ऑइल डबीतून कमी होतं. म्हणजे आधी पॅड बघा, गळती बघा. न बघता काठोकाठ भरलंत की नवे पॅड बसवताना पिस्टन मागे दाबला जातो, ऑइल डबीतून उतू जातं आणि खालचा रंग सोलून निघतो. सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता, फडक्याने चोळत बसू नका.

नीट काम करायला काय लागतं? एक लिटर ऑइल, पारदर्शक नळी, बाटली, निपलला, म्हणजे कॅलिपरवरच्या ऑइल सोडायच्या स्क्रूला, बसणारा रिंग पाना आणि पेडलवर दुसरा माणूस. आधी सिरिंजने डबीतलं जुनं उपसून नवं भरायचं. मग बहुतेक गाड्यांत सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे मागच्या डाव्यापासून सुरुवात. काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो, पुस्तक बघा. पेडल दाबून धरा, निपल उघडा, बंद करा, मगच पेडल सोडा. नळीत स्वच्छ ऑइल आणि शून्य बुडबुडे येईपर्यंत हेच. मधेच डबी रिकामी झाली आणि एबीएसमध्ये हवा शिरली, तर गाडीला जोडायचा संगणकी स्कॅनर लावल्याशिवाय ती निघेलच असं नाही. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. तळापर्यंत दाबलं तर पेडलने ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचं सील कधी न फिरलेल्या, गंजलेल्या भागावर घासून फाटतं. आणि समुद्राकाठच्या गाड्यांचे निपल गंजून बसलेले असतात. आदल्या दिवशी गंज सोडवणारा स्प्रे मारा. जोर लावून निपल मोडला की कॅलिपरच बदलायची पाळी. हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावरचा, क्लच बहुतेकदा याच डबीवर चालतो, त्याचं जुनं ऑइल तर कुणी काढतच नाही!

आता खरा राग. ब्रेकच्या डबीत पॉवर स्टिअरिंगचं ऑइल ओतणारे महाभाग आहेत. ते खनिज तेल. ब्रेकची रबरी सीलं त्यात फुगतात, ब्रेक धरून बसतात, आणि मग मास्टर सिलिंडर, कॅलिपरची सीलं, होज, सगळं बदला. नुसतं धुऊन भागत नाही. उलटी चूक केली तर स्टिअरिंगची सीलं जातात.

स्टिअरिंगचंही तेच, सगळे घोडे बारा टक्के. लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) वेगळं, युरोपियन गाड्यांचं हिरवं वेगळं, होंडा स्वतःचंच मागते. पण इथं सगळ्यांना एकच लाल बाटली. बदलायचं तर परतीचा पाइप डबीवरून काढून बाटलीत सोडा, डबीचं ते तोंड बंद करा, पुढची चाकं उचला आणि इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत वरून नवं भरत राहा. नंतर इंजिन चालू करून फिरवताना टोकाला धरून ठेवू नका, पंप तापतो. फेस आला किंवा पंप ओरडला तर आत हवा आहे. दर महिन्याला कमी होत असेल तर चाकं वळवणाऱ्या रॅकच्या रबरी बूटमध्ये (टोकांवरच्या आवरणात) बघा, तिथं तेल साचलेलं सापडेल. वरून भरत राहून गळती थांबत नाही.

आणि इलेक्ट्रिक स्टिअरिंगच्या गाडीच्या बिलावर 'पॉवर स्टिअरिंग ऑइल टॉप-अप' लावणारे? त्या स्टिअरिंगला मोटर असते, ऑइलची डबीच नसते! पैसे देण्याआधी बॉनेट उघडायला लावा आणि विचारा, कुठं ओतलंत ते बोट ठेवून दाखवा.