खुलासा : इशापूर २ए१ ला ली-एनफील्ड नंबर ४ ची साइट थेट बसत नाही

इशापूर २ए१ रायफल म्हणजे ७.६२ मिमीची नळी घातलेली जुनी .३०३ (ब्रिटिश ली-एनफील्ड), आणि तिला ली-एनफील्डच्याच पुढच्या मॉडेलची, म्हणजे नंबर ४ रायफलची पीप साइट (बारीक भोकातून नेम धरायची मागची साइट) नुसती स्क्रूने बसते, असं सध्या फिरतंय. दोन्ही दावे चुकीचे आहेत.

१९६२ च्या चीन युद्धानंतर पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात ही रायफल ७.६२ च्या काडतुसासाठी नव्यानेच तयार झाली. जास्त दाबासाठी पोलाद सुधारलं, मॅगझिनही बदललं. आराखडा मात्र जुन्या ली-एनफील्ड ‘नंबर १ मार्क ३’चाच राहिला. त्यामुळे तिची मागची साइट नळीवर, डोळ्यापासून बरीच पुढे आहे. नंबर ४ मध्ये ती मागे रिसीव्हरवर (नळीमागच्या, बोल्ट बसतो त्या भागावर) आली. माशी (नळीच्या टोकाची पुढची साइट) आणि मागची साइट यांतलं अंतर वाढलं, नेम धरणं सोपं झालं. त्या साइटसाठी लागणारी जागा २ए१ च्या रिसीव्हरवर नाहीच. ती बसवण्यासाठी रिसीव्हर कोरणं म्हणजे चांगली रायफल बिघडवणं. पीप साइटच हवी असेल तर नंबर १ साठी बनलेली, रिसीव्हरच्या बाजूला बसणारी पार्कर-हेल कंपनीची ५ए पाहावी. त्यांची ५सी नंबर ४ साठी आहे.

२ए१ च्या मागच्या साइटवर २००० यार्डांऐवजी ८०० मीटरपर्यंतच्याच खुणा आहेत म्हणजे दर्जा घसरला, असंही म्हणतात; तेही खरं नाही. दोन हजार यार्डांवर एकट्या माणसावर नेम धरणं व्यवहारात जमतच नाही.

गोळी उंच लागत असेल तर आधी पुढची माशी उंच असलेली बदलून पाहा. कानस मागच्या साइटला लावू नका. भारतात हा बोअर (नळीचा व्यास, म्हणजे ७.६२ मिमी) प्रतिबंधित आहे, तेव्हा हे सगळं परदेशातल्या परवानाधारकांसाठी.