‘रताळं भाजून कितीही खा’ म्हणे!

आषाढी जवळ आली की आमच्या फॅमिली ग्रुपवर तो मेसेज हमखास उगवतो. यंदा मावशीने टाकला, खाली तीन नमस्कार. मजकूर असा: रताळं बटाट्यापेक्षा कैक पटींनी चांगलं, मधुमेह्यांनी भाजून कितीही खावं, व्हिटॅमिन ए भरपूर आणि पाच मिनिटांत पूर्ण जेवण तयार. मावशीला स्वतःला मधुमेह आहे, म्हणून गप्प बसवलं नाही.

आधी ते ‘भाजून कितीही’. मंद आचेवर रताळं भाजताना सालीतून चिकट पाक गळतो आणि तव्यावर करपून बसतो. तो काळा डाग घासताना हात भरून येतात. तो पाक म्हणजे साखरच. रताळ्यातलं एक विकर (एन्झाइम) पिष्टाची, म्हणजे स्टार्चची, माल्टोज नावाची साखर करतं. साधारण ६० ते ७५ अंशांना त्याचं काम जोरात चालतं, आणि सावकाश भाजताना कंद नेमका याच तापमानात बराच वेळ रेंगाळतो. म्हणून तर भाजलेलं इतकं गोड लागतं! उकडलेल्यापेक्षा भाजलेल्याने रक्तातली साखर साधारणपणे जास्त भराभर चढते. म्हणजे मेसेजचा सल्ला अगदी उफराटा. आणि ‘कितीही’? १०० ग्रॅममध्ये सुमारे २० ग्रॅम कर्बोदकं असतात. मध्यम रताळं दीडशे-दोनशे ग्रॅम सहज भरतं, म्हणजे झाल्या दोन पोळ्या.

बटाट्याशी तुलना फार ताणू नये. १०० ग्रॅम कच्च्या रताळ्यात ८६ कॅलरी, बटाट्यात ७७. तंतू रताळ्यात थोडे जास्त, एवढंच.

व्हिटॅमिन ए चं श्रेय नारिंगी गराच्या रताळ्याचं. दादरच्या मंडईत मला मिळतात ती वरून लालसर, आतून पांढरी. शरीर ज्यापासून व्हिटॅमिन ए बनवतं ते बीटा कॅरोटीन त्यांत नावालाच. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेने ‘भू सोना’ हे नारिंगी वाण काढलंय, पण आमच्या भाजीवाल्याने ते अजून पाहिलेलं नाही.

पाच मिनिटांचं म्हणाल, तर माती धुवा, कुकर लावा, तीन शिट्ट्या घ्या, वाफ जिरू द्या. तोवर आपली लोकल गेली. रात्रीच उकडून ठेवली तर मात्र सकाळी खरंच पाच मिनिटं पुरतात: तुपात जिरं-मिरची, वर फोडी, मूठभर दाण्याचं कूट, लिंबू, शेजारी वाटीभर दही. कूट आणि दही वगळू नका, कारण रताळ्यात प्रथिनं १०० ग्रॅममागे जेमतेम दीड ग्रॅम. नुसतं खाल्लं तर अकरा वाजता पोटात कावळे.

हे सगळं मावशीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “आणि तू गूळ-तुपातल्या चकत्या हाणतेस, त्या गं?”

त्या मी चवीसाठी खाते, मावशी. औषध म्हणून नाही.