घरची भाषा सोडायला सांगू नका

दुसऱ्या देशातून आलेलं कुटुंब मुलाला बालवाडीत घालायला येतं, तेव्हा एक सल्ला त्यांना हमखास मिळतो. "आता घरीही शाळेचीच भाषा बोलत जा, म्हणजे लवकर रुळेल." सांगणाऱ्याच्या मनात मुलाचं भलंच असतं, याबद्दल मला शंका नाही. पण लहान मुलांमध्ये काम करणारी ताई म्हणून मी ठामपणे सांगते, हा सल्ला चुकीचा आहे आणि त्याचे परिणाम ते घर पुढे कित्येक वर्षं भोगतं.

आईबापाला जी भाषा जेमतेम येते, त्या भाषेत ते तीन वर्षांच्या लेकराशी काय बोलणार? ये, बस, जेव, झोप, हात धू. एवढंच उरतं. गोष्ट सांगणं, समजूत काढणं, लाडाने चिडवणं, आजी कशी होती ते सांगणं, हे सगळं बंद होतं. मुलाचा शब्दसाठा ज्या गप्पांमधून वाढतो त्या गप्पाच घरातून जातात. शाळेची भाषा तर त्याला शाळेत मिळणारच आहे. घरची भाषा मात्र घराशिवाय कुठे मिळणार?

लिली वाँग फिलमोर या अभ्यासकांनी १९९१ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे हजार कुटुंबांच्या पाहणीवर आधारित लेख लिहिला होता. लहान वयातच इंग्रजी बालवर्गात गेलेल्या मुलांची घरची भाषा मागे पडत गेली आणि काही घरांत आईवडील आणि मुलं यांच्यातलं बोलणंच आटलं, असं त्यात दिसलं. मूल वयात येईल, त्याला आईवडिलांशी बोलावंसं वाटेल, तेव्हा दोघांची मिळून एकही पुरेशी भाषा नसेल. बालवाडीच्या दारात सहज दिलेला सल्ला इथपर्यंत पोचतो.

दोन भाषांनी मूल गोंधळतं, बुद्धीवर ताण येतो, असं एकेकाळी तज्ज्ञसुद्धा मानत. १९६२ मध्ये कॅनडातल्या माँट्रियलमध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी दहा वर्षांच्या मुलांच्या चाचण्या घेतल्या आणि इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही भाषा चांगल्या येणारी मुलं मागे तर नव्हतीच, उलट पुढे निघाली. साठ वर्षं होऊन गेली, तरी जुनी भीती अजून प्रवेशाच्या टेबलावर बसलेली आहे. आणि हा नुसता चांगुलपणाचा मामला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचं २९ वं कलम सांगतं की शिक्षणाने मुलाच्या मनात स्वतःच्या आईवडिलांबद्दल, स्वतःच्या भाषेबद्दल आणि संस्कृतीबद्दल आदर वाढवायला हवा.

आता असं मूल वर्गात गप्प राहतं, त्याबद्दल. नवी भाषा कानावर पडायला लागली की पुष्कळ मुलं आधी घरच्याच भाषेत बोलून बघतात. समोरच्याला कळत नाही हे लक्षात आलं की बोलणंच थांबवतात. काहींचं हे आठवड्यांत संपतं, काहींचं महिनोन् महिने चालतं. या काळात मूल रिकामं नसतं. ते बघतं, ऐकतं, ओठ हलवून बघतं, बोट दाखवतं, ओढून नेतं. मग एक दिवस "मला दे", "माझं आहे" अशी आख्खी तयार वाक्यं बाहेर पडतात. अशा मुलाला सगळ्यांसमोर उभं करून "बोल ना, बोल" म्हणणं मला क्रूरपणाचं वाटतं. त्याच्या शेजारी बसावं, आपण काय करतोय ते साध्या शब्दांत बोलत राहावं, गाण्यात आणि हावभावांत त्याला ओढावं आणि उत्तराची वाट पाहणं सोडून द्यावं.

काळजी कधी करायची, तर घरच्या भाषेतही मूल अडखळत असेल, वयाच्या मानाने फार कमी बोलत असेल तेव्हा. बोलण्यातली खरी अडचण दोन्ही भाषांत दिसते. म्हणून शेरा मारण्याआधी आईला विचारायला हवं, "घरी कसा बोलतो?" हा एक प्रश्न न विचारता मुलांना "मंद" ठरवलं जातं, त्याचा मला मनापासून राग येतो.

आणि मूल पटकन बोलायला लागलं म्हणजे काम झालं असंही नाही. जिम कमिन्स या भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांनी दाखवलंय की खेळण्याबोलण्यापुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण अभ्यासाच्या भाषेत बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात.

पहिल्या दिवसांची घाई तर सगळ्यात वाईट. मूल रडतंय, आई दारात घुटमळतेय आणि आपण म्हणतो, "तुम्ही जा, तुम्ही गेलात की थांबेल." ज्या मुलाचं घर, गल्ली, आजी-आजोबा आधीच मागे सुटलेत, त्याच्यासाठी आई ही शेवटची ओळखीची गोष्ट आहे. जर्मनीत 'बर्लिन पद्धत' म्हणून ओळखली जाणारी एक रीत आहे. त्यात पहिले तीन दिवस पालक मुलाबरोबर वर्गातच बसतात, दूर जातच नाहीत. चौथ्या दिवशी अगदी थोडा वेळ बाहेर जाऊन बघतात आणि मूल ताईच्या कुशीत शांत होतंय की नाही त्यावर पुढचं ठरतं. प्रत्येक शाळेला हे जसंच्या तसं जमणार नाही. पण एक खुर्ची आईसाठी मांडून ठेवायला काय हरकत आहे? त्याच वेळात तिच्याकडून दहा शब्द लिहून घ्या: पाणी, शू, दुखतंय, भूक, झोप, आई येणार आहे. आपला उच्चार चुकेल, मूल हसेल. हसू द्या.

आईवडिलांकडून शिकायचं म्हणून कुणी त्यांच्या घरी जातं का? अमेरिकेतल्या टूसॉनमध्ये शिक्षणाचे अभ्यासक लुईस मॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांना असं पाठवलं होतं, शिकवायला नव्हे, शिकायला. शेती, बांधकाम, औषधोपचार, व्यापार यांचं केवढं ज्ञान त्या कष्टकरी घरांत आहे ते शिक्षकांनी पाहिलं आणि वर्गात आणलं. नाहीतर आपण काय करतो? वर्षातून एकदा त्यांना पारंपरिक पोशाखात बोलावतो, फोटो काढतो आणि स्वागत झालं असं समजतो.

दोन गोष्टी मात्र कधीच करू नयेत. मोठ्या भावंडाला दुभाषा म्हणून मध्ये बसवू नये. नऊ वर्षांच्या मुलीने धाकट्या भावाबद्दलची तक्रार आईला भाषांतर करून सांगायची, हे ओझं तिचं नाही. आणि प्रवेशाला ज्याची गरज नाही असा कुठलाही कागद मागू नये, "कसे आलात, का आलात" हे विचारू नये. सांगावंसं वाटलं तर ते सांगतील.

एकट्या ताईच्या खांद्यावर हे टाकून चालणार नाही, हे मला माहीत आहे. वर्ग भरलेला असतो, मदतनीस नसते, पगार तुटपुंजा. म्हणून माझी मागणी संस्थाचालकांकडे आहे: पहिल्या भेटीसाठी दुभाष्याचे पैसे द्या आणि त्या पहिल्या आठवड्यात वर्गात एक जादा माणूस द्या. आणि ज्यांची मुलं त्याच वर्गात आहेत त्या पालकांनो, शाळा सुटताना ती आई एकटीच कोपऱ्यात उभी असते. तिला तुमच्या ग्रुपमध्ये घ्या, तिला वाचता येतील असे छोटे निरोप पाठवा आणि पुढच्या वाढदिवसाचं बोलावणं तिच्या मुलालाही द्या.