कॅज्युअल्टीतला ब्रदर

सरकारी दवाखान्यात 31 वर्षं स्टाफ नर्स म्हणून काढली, त्यातली निम्मी तरी कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या पेशंटच्या विभागात. रिटायर झाल्यावर लेकीकडे कार्डिफला सहा महिने राहून आले. लेकही नर्सच आहे, तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये. पहिल्याच शनिवारी रात्री जावयांनी टीव्ही लावला आणि पडद्यावर नाव आलं, 'कॅज्युअल्टी'. माझा हात भाजी निवडता निवडता थांबला.

गंमत अशी की ब्रिटनमध्ये हा शब्द आता दवाखान्यांच्या पाट्यांवर राहिलेला नाही. तिकडे आधी 'ए अँड ई' (अ‍ॅक्सिडेंट अँड इमर्जन्सी) झालं, मग 'ईडी' (इमर्जन्सी डिपार्टमेंट) झालं. लेक म्हणाली, "आई, आमच्याकडे आता म्हातारे पेशंटच कॅज्युअल्टी म्हणतात." आणि आपल्याकडे? आजही रिक्षावाला विचारतो, "ताई, कॅज्युअल्टीच्या गेटला सोडू का?" त्यांचा शब्द आपण सांभाळला आणि त्यांच्याकडे तो एका मालिकेच्या नावात उरला.

ही मालिका बीबीसीवर 6 सप्टेंबर 1986 ला सुरू झाली. मी तेव्हा ट्रेनिंगला होते, सेकंड इयरला. जेरेमी ब्रॉक आणि पॉल अनविन या दोघांनी ती उभी केली. ब्रिस्टलवर बेतलेलं होल्बी नावाचं एक काल्पनिक शहर, तिथला दवाखाना, आणि तिथली नाईट ड्युटीची टीम. शूटिंगही बरीच वर्षं ब्रिस्टललाच व्हायचं, 2011 पासून ते कार्डिफला आलं. पण मला आज सांगायचंय ते वेगळंच. या मालिकेचा कणा म्हणून त्यांनी कोणाला उभं केलं, तर चार्ली फेअरहेडला. सर्जन नाही, डीन नाही, परदेशातून शिकून आलेला हुशार डॉक्टर नाही. नर्स! आपल्या भाषेत, ब्रदर.

डेरेक थॉम्पसन नावाच्या नटाने हा चार्ली पहिल्या भागापासून 16 मार्च 2024 पर्यंत केला. साडेसदतीस वर्षं. माझ्या सगळ्या नोकरीपेक्षा जास्त. ब्रिस्टलच्या दवाखान्यातल्या एका खऱ्या चार्ज नर्सवरून हे पात्र सुचलं होतं, आणि पुढे मालिकेला सल्ला देण्याचं कामही तोच करत राहिला. हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं, कारण बघतानाच जाणवत होतं की कोणीतरी आतला माणूस बाजूला उभा आहे.

कसं जाणवलं ते सांगते. पेशंटला अँब्युलन्सच्या स्ट्रेचरवरून बेडवर घ्यायचं असतं ना, तो प्रकार बघा. मानेला मार असेल तर डोक्याशी उभा असलेला माणूस दोन्ही हातांनी डोकं धरतो आणि मोजणी तोच करतो. बाकी कोणी आकडा बोलायचा नाही, कोणी आधी उचलायचं नाही. एक, दोन, तीन, आणि सगळे एकदम. एकाने घाई केली तर मान वळते आणि पेशंट जन्माचा अधू होऊ शकतो. आपल्या मालिकांत आणि सिनेमांत मी हे कधी नीट पाहिलेलं नाही. तिथे स्ट्रेचर ढकलत पळतात, नातेवाईक रडत मागे पळतात, आणि दार बंद होऊन लाल दिवा लागतो. 'कॅज्युअल्टी'त डोक्याशी उभा असलेला माणूस मोजतो आणि बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघत थांबतात. ती पाच सेकंद बघून मी जावयांना म्हटलं, "हे ज्यांनी केलंय त्यांनी ड्युटी केलेली आहे."

तसंच ओव्हरचं, म्हणजे पेशंट दुसऱ्याच्या हवाली करताना माहिती सांगण्याचं. अँब्युलन्सवाला येता येता सांगत असतो: पेशंटचं नाव, वय, काय झालं, किती वाजता झालं, बीपी किती, काय दिलं. नाव आधी! आमच्याकडे "बेड नंबर सातचा डायबेटिक" असं बोलायची सवय लागते. मला स्वतःलाही होती, आणि ती वाईट सवय होती हे मला त्या सोफ्यावर बसून कळलं.

मालिकेची आणखी एक पद्धत तिकडच्या घराघरांत माहीत आहे. सुरुवातीला साधी माणसं दाखवतात. कोणी शिडीवर चढलंय, कोणी भांडून गाडी काढतंय, कोणाची पोरं पाण्याशी खेळतायत. बघणारे अंदाज बांधत बसतात, कोणाला काय होणार. जावई दरवेळी शिडीवरच्याला धरून चालायचे आणि मी नेहमी घरात गप्प बसलेल्या बाईकडे बघायचे. कॅज्युअल्टीत काम केलेल्या कोणालाही विचारा. "जिन्यावरून पडले" म्हणून येणाऱ्या किती बायका खरंच जिन्यावरून पडलेल्या असतात?

आता राजकारणाबद्दल, कारण त्याशिवाय ही मालिका समजत नाही. एनएचएस 5 जुलै 1948 ला सुरू झाली. कार्डिफच्या क्वीन स्ट्रीटवर अन्युरिन बेव्हनचा पुतळा आहे, लेकीने मुद्दाम नेऊन दाखवला. वेल्समधल्या ट्रेडेगरच्या खाणकामगाराचा हा मुलगा आरोग्यमंत्री झाला, आणि आजारी माणसाला दवाखान्याच्या दारात पैसे विचारायचे नाहीत हे त्याने देशाकडून मान्य करून घेतलं. ब्रॉक आणि अनविन यांनी मालिकेचं जे पहिलं टिपण लिहिलं त्यात सुरुवातीलाच म्हटलं होतं की 1948 मध्ये एक स्वप्न जन्माला आलं आणि 1985 मध्ये त्याच्या चिंध्या झाल्या आहेत. म्हणजे ही मालिका रागातून आलेली आहे. बेड नाही, माणूस नाही, नाईट शिफ्टच बंद करायची बोलणी चालू आहेत, अशा परिस्थितीत काम करणाऱ्यांची ती गोष्ट होती. तेव्हाच्या पंतप्रधान थॅचरबाईंच्या सरकारमधल्या लोकांना ती खुपली, यात नवल नाही.

खुपायलाच हवी. दवाखान्याची गोष्ट सांगायची आणि माणसं किती कमी आहेत ते सांगायचं नाही, हे खोटं आहे. एका नाईटला दोन वॉर्ड एका सिस्टरवर टाकले की काय होतं ते मी भोगलेलं आहे. सलाईन संपून नळीत रक्त उलटं चढलेलं दिसतं आणि तुमचे हात दुसऱ्या वॉर्डात गुंतलेले असतात. डिसेंबर 2022 मध्ये तिकडच्या नर्सेस संपावर गेल्या. रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग या त्यांच्या संघटनेच्या शंभराहून जास्त वर्षांच्या इतिहासातला तो सगळ्यात मोठा संप. लेक त्यात थंडीत उभी होती. लोक रस्त्यावरून जाताना हॉर्न वाजवून पाठिंबा देत होते, असं तिने सांगितलं. मला वाटतं, त्या हॉर्नमध्ये चार्लीचाही थोडा वाटा असणार. 36 वर्षं टीव्हीवरून घरात नर्स येऊन बसत असेल तर ती लोकांना परकी राहत नाही.

टीव्हीवर काय दाखवतात याचा परिणाम होतो, याचे पुरावे आहेत. 1996 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं की तिकडच्या मालिकांमध्ये सीपीआर (छाती दाबून बंद पडलेलं हृदय चालू करायचा प्रयत्न) दिलेल्या पेशंटपैकी तीन चतुर्थांश लगेच उठतात. ब्रिटिश मालिकांचा असाच अभ्यास झाला, त्यात 'कॅज्युअल्टी'ही होती, तेव्हा आकडा निघाला चारातला एक. हे खऱ्याच्या खूप जवळ आहे. सीपीआर देऊन देऊन हात भरून येतात आणि तरी पेशंट जातो, हेच जास्त वेळा होतं. बाहेर येऊन नातेवाईकांना ते सांगावं लागतं. त्यांनी टीव्हीवर पेशंट उठलेलाच बघितलेला असेल तर ते तुमच्यावर हात उगारतात. माझ्यावर उगारलेला आहे.

आणि दुसरी बाजूही लिहायला हवी. 1996 मध्येच 'कॅज्युअल्टी'च्या एका भागात गोळ्यांचा जास्त डोस घेतलेला पेशंट दाखवला. नंतर ऑक्सफर्डच्या कीथ हॉटन यांच्या टीमने तपासलं, तर पुढच्या आठवड्यात दवाखान्यांत अशा केसेस 17 टक्क्यांनी वाढलेल्या होत्या. हा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 1999 ला छापून आला. चांगल्या हेतूने, काळजीने बनवलेल्या मालिकेचं हे आहे. आपल्याकडे संध्याकाळच्या मालिकांत विषाची बाटली दर दोन महिन्यांनी निघते. ते लिहिणाऱ्यांनी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा, हे मी हात जोडून सांगते.

मालिकेत मला न आवडलेलंही बरंच आहे. अलीकडच्या वर्षांत स्टाफच्याच भानगडी फार, स्फोट फार, चाकू फार. चार्लीलाच किती वेळा मारायला काढलं! गोळी लागली, अटॅक आला, शेवटी पेशंटनेच भोसकलं. पण मग ते 2017 च्या एका भागासारखं काहीतरी करून दाखवतात. 48 मिनिटांचा अख्खा भाग, एकही कट नाही, कॅमेरा एका माणसाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो. लेकीने तो मला शोधून दाखवला. कॅज्युअल्टी अशीच असते. एका बेडवरचा मृत्यू पुरता मनात उतरायच्या आत दुसऱ्या बेडवरचं पोर उलटी करतं, आणि तुम्ही ट्रे घेऊन वळता.

डफीची गोष्टही विसरता येत नाही. डफी पहिल्या भागापासूनची नर्स, चार्लीची सहकारी, नंतर बायको. तिला डिमेन्शिया होतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या औषधांच्या वेळा पाठ असलेली बाई स्वतःचं घर विसरते, आणि 2020 मध्ये जाते. माझ्या एका सीनियर सिस्टरचं असंच झालं. शेवटी मी भेटायला गेले तर मला ओळखलं नाही, पण माझं मनगट धरून नाडी बघत बसल्या. बोटं अगदी बरोबर जागेवर.

आपल्याकडे अशी मालिका का नाही? गोष्टींची कमी आहे का? मुंबईच्या केईएममध्ये 1973 साली अरुणा शानबाग या नर्सवर हल्ला झाला, आणि 2015 मध्ये ती जाईपर्यंत, जवळजवळ 42 वर्षं, तिथल्या सिस्टर्सनी तिला सांभाळलं. नर्सेसच्या किती पिढ्या आल्या आणि रिटायर झाल्या. सुप्रीम कोर्टाने 2011 च्या निकालात त्यांच्या सेवेचं कौतुक केलं. जगात दुसरीकडे असं क्वचित घडलं असेल. आणि पडद्यावर आपली नर्स काय करते? डॉक्टरच्या मागे ट्रे धरून उभी राहते आणि "डॉक्टर, पेशंटला शुद्ध आली" एवढंच म्हणते. शुद्ध येते आहे हे आधी तिला कळलं म्हणून तिने हाक मारली, एवढं तरी लिहा कोणीतरी. 12 मे ला, नर्सेस डे म्हणून, आम्हाला गुलाबाचं फूल देतात. फूल नको, गोष्ट लिहा. सिस्टर, ब्रदर, मावशी, वॉर्डबॉय, सगळ्यांची लिहा.

2020 च्या कोविडमध्ये शूटिंग थांबलं, तेव्हा 'कॅज्युअल्टी'चीच भावंड मालिका असलेल्या 'होल्बी सिटी'च्या सेटवरचे चालू व्हेंटिलेटर लंडनच्या नाइटिंगेल हॉस्पिटलला दिले गेले. त्याच काळात लेकीच्या तोंडावर मास्कचे वळ पडलेले मी व्हिडिओ कॉलवर बघत होते, इथे, चार हजारांहून जास्त मैलांवरून.

चार्लीचा शेवटचा भाग लागला त्या रात्री लेकीची नाईट होती. मी आणि जावयांनी बघितला. सकाळी साडेआठला ती आली, दारातच बूट काढले, हात कोपरापर्यंत धुतले आणि चहाच्या आधी विचारलं, "आई, चार्ली गेला का गं?"

"नाही. वाचला. रिटायर झाला."

"बरं झालं," म्हणाली, आणि जाऊन झोपली.